कमलाताईंचा विमानातला उपोसथ

कमलाताईंविषयी लिहायचं तर आवाजापासून सुरुवात करावी लागते. आमच्या बोरगाव मेघेच्या विहारात वंदना सुरू झाली की बाकीच्या बायांचा आवाज एकीकडे आणि कमलाताईंचा एकीकडे. माहेर आंजीचं. लग्न होऊन आल्या तेव्हापासून वस्तीत लेकराचं नाव ठेवायचं म्हटलं की पाळणा म्हणायला त्याच. पाळणा पाठ केलेला नसतो, उभ्या उभ्या जुळवतात. आजाचं नाव, गावचं नाव, लेकराच्या नाकाचं वर्णन, सगळं त्यात येतं. त्यांचे यजमान मधुकरराव ढोलकी धरायचे. ते गेले, ढोलकी खुंटीला लागली, पण पाळणे थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट त्यांचा नेम. वर्षावासातली, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतली, एकही पौर्णिमा कमलाताईंनी उपोसथाशिवाय जाऊ दिली नाही. सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जायचं, भंतेजींकडून आठ शीलं घ्यायची. मग दुपारी बारानंतर अन्न नाही, फुलं-अत्तर नाही, उंच गादीवर बसणं नाही आणि नाचगाणं नाही. एवढ्या गळ्याची बाई, पण त्या दिवशी गुणगुणतसुद्धा नाही. मीही उपोसथ धरते, पण स्वयंपाक करताना माझ्या तोंडून एखादी ओळ निसटतेच. त्यांच्या कधी नाही.

यंदा भाद्रपद पौर्णिमेलाच त्यांचं विमान निघालं. मुलगा निकेश बंगलोरला नोकरीला. सून अपेक्षाही तिथंच कामाला. दुसरं बाळंतपण सासरी झालं, सेवाग्रामचा दवाखाना जवळ म्हणून. बाळ अनुप आता सात महिन्यांचा, मोठी मितू चार वर्षांची. अपेक्षाची रजा संपली होती. लेकरं सांभाळायला कमलाताईंनी सोबत जायचं ठरलं आणि निकेशनं तिकिटं काढली. पंचांग त्यानं बघितलं नाही.

आम्ही दोघी विहारातून परतलो तर अपेक्षा अंगणात बॅगा बांधत होती. सासूच्या अंगावर पांढरी साडी पाहून तिचा चेहरा उतरला.

"आई, आजच्या दिवस राहू द्या ना. प्रवास आहे, दोन लेकरं आहेत. रात्रीपर्यंत उपाशी राहाल, चक्कर आली तर मी कोणाकोणाला बघू?"

"मी काऊन पडतो चक्कर येऊन? तुह्या कामात कमी नाई पडणार मी. माहा नेम मले पाळू दे."

"अन् आई, उंच आसनावर बसायचं नसते ना आज? विमानापेक्षा उंच काय असते?"

कमलाताईंनाही हसू आलं. "तिकीट तुह्या नवऱ्यानं काढलं. ते पाप त्याले."

हसण्यावारी गेलं खरं, पण निघायच्या आधी अपेक्षा मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, आईंचा जीव नेमात आहे. माझ्या लेकरांत किती राहील, माहीत नाही. तिथल्या पाळणाघरात नाव टाकून ठेवलंय. महिनाभर बघते, नाही जमलं तर आईंना परत पाठवते." तिचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण कमलाताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मितूची चप्पल तेवढी शोधून आणली.

पुढचं मला दोघींनीही सांगितलं, वेगवेगळं. दोन्ही मिळून लिहिते.

विमानतळाच्या वाटेवर, बुटीबोरीच्या अलीकडे गाडी थांबवून कमलाताईंनी बाराच्या आत दोन पोळ्या खाल्ल्या. विमानाला उशीर होता. आत बसल्यावरही ते बराच वेळ जागचं हललं नाही. बंगलोरकडे पाऊस होता म्हणे. खिडकीपाशी बाळाला घेऊन अपेक्षा, मधे मितू, कडेला कमलाताई. विमान वर चढलं तसं अनुपनं जे रडणं सुरू केलं ते थांबेचना. कान धरायचा, मान मागं टाकायचा. दूध तोंडात घेईना. घरी असं रडला की कमलाताई त्याला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरायच्या आणि पाळणा म्हणायच्या, त्याशिवाय तो झोपतच नसे. इथं पट्ट्याचा दिवा लागलेला. त्याला फिरवायला उठल्या तर विमानातली पोरगी धावत आली, "मॅडम, बैठ जाइए."

मग मितूला ओकारी झाली. पिशवी काढेपर्यंत अर्धी आजीच्या पांढऱ्या साडीवर. मागून एक जण मोठ्यानं म्हणाला, "इतने छोटे बच्चों को लेके लोग निकलते ही क्यों हैं?" अपेक्षा एका हातानं मितूचं तोंड पुसत होती, दुसऱ्या हातात बाळ तडफडत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं. पाळणा म्हणा, असं ती सासूला बोलली नाही. सकाळी नेम राहू द्या म्हणून बोलून चुकली होती ना.

कमलाताईंनी बाळाला आपल्याकडे घेतलं. आधी थोपटलं. मग गाणं नको म्हणून सरळ आवाजात वंदनेतलं त्रिशरण म्हटलं. त्याला चाल हवी होती, तो आणखीच जोरात रडला. कमलाताई मला म्हणाल्या, "बाई, मले वाटलं, सकाळी सुनेले म्हटलं कमी पडणार नाई, अन् आता गळा असून गप बसून राह्यली मी."

आठ शीलं झेपली नाहीत तर ती खाली ठेवून पुन्हा रोजची पाच घेता येतात, त्यांत गाण्याला मनाई नाही, हे आम्हाला भंतेजींनी सांगितलेलं आहे. पण कमलाताईंनी ते कधी केलेलं नव्हतं. त्यांनी बाळाला मांडीत धरून जमतील तसे हात जोडले, डोळे मिटून पंचशील म्हटलं. अपेक्षाला कळलं की आठाचे पाच झाले. ती रडायची थांबून बघतच राहिली.

मग पाळणा सुरू झाला. विहारातला आवाज, हळू कुठून निघणार?

"आंजीच्या वाटंनं आला तुझा आजा,
ओच्यात आणली बोरं, नीज माझ्या राजा."

मागचा म्हणाला, "बच्चा कम था क्या, अब दादी भी शुरू!"

कमलाताई वळल्या. "भाऊ, पाच मिनिटं दम धरा. नाई झोपला तर तुम्ही म्हणजा पाळणा."

दोनचार जण हसले. अनुप लगेच झोपला असं नाही. हुंदके देत राहिला, आजीच्या तोंडाकडे बघत राहिला, मग आजीच्या गळ्यापाशी बोट चोखत पडला. विमान खाली उतरताना पुन्हा रडला, पुन्हा पाळणा झाला. मितूही त्यात बेसूर मिसळली. मागच्या माणसानं कानात बोळे घातले असावेत.

घरी पोचल्यावर अपेक्षानं ताट वाढलं. "आई, आता तर आठ शीलं खाली ठेवलीत ना? जेवा."

"गाणं लेकरासाठी म्हटलं. जेवण माह्यासाठी होईन." पाणी पिऊन त्या झोपल्या.

पाळणाघराचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

परवा आश्विन पौर्णिमेला मी त्यांना फोन लावला. उचलला अपेक्षानं. रजा काढून घरी होती. बाराच्या आत सासूचं जेवण करून दिलं होतं आणि आता बाळाला झोपवत होती. तिनं फोन सासूकडे दिला, तर मागे आंजीची वाट, आजा, बोरं, सगळं ऐकू येत होतं, फक्त चाल भलतीच.

"सून शिकली वाटते पाळणा?" मी विचारलं.

"शिकली. सूर पार चुकते तिचा. पण आज मले गायची मनाई आहे, बाई. ऐकून राह्यली मुकाट्यानं."