परवा म्हंजे कवा?

आमची राजेश्री, माझ्या भावाची पोरगी. बोरीच्या रस्त्यावरचा नाल्याचा पूल तिनंच बांधला. म्हंजे बांधला गवंड्यांनी. ही पिवळी टोपी घालून वरडायला. लहानपणी पुरणपोळीचंबी माप घ्यायची. तवाच म्हन्लं, ही इंजिनिअर होईल न्हाईतर सासूला छळंल.

पूल ठरल्यापेक्षा दोन महिने उशिरा झाला. सरकारी हापिसाकडून मुदतवाढ मंजूर करून आणायची जिम्मेदारी हिच्यावर. ठेकेदार तात्यारावांनी सांगूनच टाकलं, "मॅडम, जमलं तर राणीसावरगावचा पूलबी तुमचाच. न्हाई जमलं तर दुसरा इंजिनिअर बघतो."

झालं! माझ्या पलंगावर ह्ये मोठाले तक्ते पसरले.

"तात्याराव म्हणतात, ठरलं कवा, झालं कवा, मधले दिवस मागून घ्या," राजेश्री म्हन्ली. "पन आत्या, हापिसातले साहेब विचारतीलच, यातले तुमच्या आळसाचे किती?"

"मग?"

"कामाचे पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्यात काम कशापायी अडलं ते दाखवते. किचकट हाय, पन रोजची डायरी हाय ना आपल्याकडं."

"हां. लग्न उशिरा लागलं तर नवरदेव कवा आला, मामा कुठं अडकला, सगळं वेगळं मांडायचं."

"तू इंजिनिअर व्हायला पायजे होतीस."

"टोपी दे मग!"

पाया खोदायच्या जागीच विजेचे खांब हुभे होते. ते हलवायचं काम हापिसाचं. त्यामुळं खांबापायी अडलेले दिवस हापिसाच्या माथी, आन तुकडे झ्याक जुळत गेले. अडला एकच. सुपरवायझर दिनकररावांनी चौदा मेला लिवलेलं: 'खांब परवा. गवंडी लग्नाला, तीन दिवस.'

राजेश्रीनं फोन लावला. "काका, हा परवा झालेला का येणारा?"

"परवा म्हंजे परवा!"

"पन कोणचा?"

"एवढं शिकलीस आन परवा कळंना?"

पोरीचं तोंड एवढुसं झालं. खांब बारालाच गेले असतील, तर गवंडी नाचले ते दिवस आपल्या माथी. सोळाला जाणार असतील, तर गवंडी नाचू देत न्हाईतर झोपू देत, काम खांबानंच अडलेलं. "एक तुकडा कच्चा निघाला तर साहेब सगळाच अर्ज परत धाडतील, आत्या."

"लग्न कोणाचं होतं गं?"

"परमेश्वर मिस्त्रीच्या भावाचं."

"अगं, त्या वरातीत मी होते!"

मोबाइल काढला. फोटोवर तारीख, पंधरा मे. डीजेची गाडी तारांखाली अडकलेली, म्हणून वरात नाल्यापाशीच थांबलेली. परमेश्वर डोक्याला टॉवेल बांधून नाचायलाय. मागं खांब, ताठ! आन म्होरं पदर खोचून, दोनी हात वर करून, मी.

"आत्या, पंधराला खांब हुभे, म्हंजे परवा सोळाचाच! हाच फोटो जोडते!" पोरगी पलंगावरच उड्या मारायली.

"जोड. पन माझं पोट तेवढं काप."

"कापलं तर साहेब म्हणतील, फोटोत गडबड केली."

गेलं माझं पोट सरकारी फायलीत! साहेबांनी म्हणं चष्मा पुसून इचारलं, "ह्या बाई कोण?" ही म्हन्ली, "आमच्या साक्षीदार, सर." महिन्याभरात मुदतवाढ आली, एकबी दिवस न कापता.

राजेश्री आता राणीसावरगावला वरडायलीय. काल फोनवर इचारलं, "जेवायला कवा येतीस?"

"परवा येते," म्हन्ली आन जीभ चावली.

म्या म्हन्लं, "तारीख सांग, मगच कणीक मळते."