दोन हात जागा

मानपाड्याच्या शेअर रिक्षाच्या रांगेत तो रोज माझ्या पुढे असायचा आणि रोज मला उशीर करायचा. पुढच्या माणसापासून दोन हात जागा सोडून उभा राहायचा. तिथे कोणीतरी घुसायचंच. मग तो मागे सरकून पुन्हा तेवढीच जागा करायचा आणि सारखी मान वळवून आजूबाजूला बघत राहायचा.

एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, सरका ना पुढे. कोणी खात नाही तुम्हाला."

"जहाजावर होतो," तो म्हणाला. "रडारवर आपल्या जहाजाभोवती एक वर्तुळ आखलेलं असतं. त्यात कोणी आलं की अलार्म वाजतो. एकदा वाजला तेव्हा माझी ड्युटी होती. छोटी मच्छीमार होडी होती. म्हटलं, तीच वळेल. अलार्म बंद केला मी."

"वळली?"

तो समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. "एवढं मोठं जहाज लगेच थांबत नाही हो."

मागून कोणीतरी ओरडलं, "चला ना पुढे." माझी बॅग त्याच्या पाठीला टेकली होती. मी एक पाऊल मागे घेतलं.