बबनभाऊंच्या लाइटिंगच्या फ्रेमा

वेल्डिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक भंगार, दुसरे किस्से. भंगार न्यायला महिन्यातून एकदा माणूस येतो. किस्से कोण नेणार? म्हणून आज तुम्हालाच सांगून मोकळा होतो.

वाशीमला बबनभाऊंचं आणि माझं भागीदारीतलं दुकान आहे. भाऊ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांची सगळी हयात शेताची फाटकं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करण्यात गेली. दुकानाला लागूनच त्यांचं घर, त्यामुळे प्रमिलावहिनींचा चहा आणि सल्ला, दोन्ही वेळच्या वेळी!

एका दिवाळीच्या आधी ओळखीचे गुरुजी वेगळंच काम घेऊन आले. दरवर्षी खिडकीभोवती लाइटिंग लावायला भिंतीत खिळे ठोकावे लागतात आणि प्लास्टर निघतं, म्हणाले. तर एक चौकट करून द्या. माळ तिच्यावर बांधलेलीच राहील. दिवाळीत बाहेरून ग्रिलला अडकवायची, मग काढून माळ्यावर टाकायची. हलकी पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि मजबूत पाहिजे.

भाऊंनी यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकला. लोखंडी अँगलची फ्रेम केली! ती जिन्यावरून वर चढवायला भाऊ, मी, गुरुजी आणि रस्त्यावरून बोलावलेला एक ऑटोवाला, असे चार जण लागलो. अडकवली तसं गुरुजींचं ग्रिलच करकरलं.

गुरुजी घाम पुसत म्हणाले, "बबनभाऊ, मले लाइटिंग लावाची हाय. म्हैस बांधाची नाही!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "उद्या घेतली त कामात येईन ना, गुरुजी!"

*

ती फ्रेम अर्थातच परत आली आणि वहिनींच्या दारात आडवी पडली. दोनदा ठेच लागल्यावर वहिनी बाजारात गेल्या. लाइट फिटिंगचा पांढरा पाइप, कोपरे जोडायला चार एल्बो आणि सोल्युशनची डबी घेऊन आल्या. ओट्यावर बसून अर्ध्या तासात त्यांनी चौकट चिकटवली. वाकू नये म्हणून मधे एक आडवा पाइप टाकला आणि एका हाताने उचलून दाखवली.

भाऊंचा अपमान झाला. "प्लास्टिक हाय ते. वाऱ्यानं उडून जाईन."

"तुमची नाही उडत," वहिनी म्हणाल्या, "पन लावनारा उडते ना!"

भाऊ तरी ऐकेनात. मग वहिनींनी फ्रेम अंगणात दोन खुंट्यांना लटकवली आणि तिच्यावर ओली गोधडी वाळत टाकली. दोन दिवस भाऊ येता-जाता तिकडे बघत होते, कधी पडते म्हणून. पडली नाही. तिसऱ्या दिवशी ते गुपचूप बाजारात गेले आणि पाइपचा गठ्ठा खांद्यावर घेऊन आले.

"मग, पटलं का?" मी विचारलं.

"डिझाइन माझंच हाय," भाऊ म्हणाले. "हिनं फक्त मटेरियल बदललं!"

*

मग काम वाढलं. कारंज्याहून एका बाईंचा फोन आला. भाऊंनी खिडकीचं माप विचारलं. बाईंच्या घरात टेप नव्हती.

"रुंदी आमच्या ह्यांनी दोन्ही हात फाकवले का तेवढी," बाई म्हणाल्या. "अन् उंची ह्यांच्या छातीपर्यंत."

"मंग ह्यायलेच पाठवा!" भाऊ म्हणाले, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने खरंच एक गृहस्थ आले! भाऊंनी त्यांना भिंतीला टेकून उभं केलं, हात फाकवायला लावले आणि माप घेतलं. संध्याकाळी ते फ्रेम घेऊन गेले. बिनचूक बसली!

जाताना मात्र बिचाऱ्यांनी हळूच विचारलं होतं, "भाऊ, कारंज्यातच एक टेप इकत घेतली असती त नसतं चाललं का?"

"मले काय सांगता? घरी म्हना ना हे!"

*

आमच्या फ्रेमेला भाऊंची तोंडी गॅरंटी असते. एक गिऱ्हाईक दोन तुकडे घेऊन आलं. चांगला पन्नाशीचा माणूस. म्हणाला, "वानरानं झोका घेतला. बदलून द्या."

"वानरं फार झाले ना बाप्पा आजकाल!" भाऊ हळहळले. ते नवी फ्रेम द्यायला उठलेसुद्धा.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्या माणसाच्या कोपराला पट्टी होती, गुडघ्यावर पॅन्ट फाटलेली होती. वहिनींनी कप त्याच्या हातात दिला आणि फार मायेने विचारलं, "वानराले जास्त लागलं त नाही ना?"

*

आता शेवटचा सांगतो.

इंझोरीच्या एका आजींनी निरोप पाठवला. फ्रेम पाहिजे, लाइटिंगसकट, आणि लावूनही द्या. भाऊंनी मोटरसायकल काढली, मी मागे फ्रेम धरून बसलो. एका खोलीचं घर, आजी एकट्या. आम्हाला पाहून इतक्या खूश झाल्या, की पाण्याचा तांब्या दोनदा आणला.

भाऊंनी घराला एक चक्कर मारली. मग दुसरी. मग डोकं खाजवत म्हणाले, "आजी, खिडकी कुठं हाय?"

"नाही ना बापू. म्हनून त फ्रेम सांगतली!"

मी भाऊंकडे बघितलं. म्हटलं, आता हा माणूस काहीतरी तिखट बोलणार. भाऊ मात्र रस्त्याकडच्या कोऱ्या भिंतीजवळ गेले आणि विचारलं, "किती उंचीवर लावू?"

आजींनी विचार केला. मग भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "मी उभी राह्यली का तोंड दिसलं पायजे, एवढ्यावर."

खिळे ठोकून तशीच लावली. मधला आडवा पाइपही काढून टाकला, कारण तो नेमका नाकावर येत होता. दिवेलागणीला दारातून वायर घेऊन बटण दाबलं. आजींनी पदर नीट केला आणि चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या.

शेतातून परतणारी एक बाई रस्त्यात थबकली. "मावशी! खिडकी कधी बसवली वो?"

"आजच," आजी म्हणाल्या. "हवा मस्त येऊन राह्यली!"