पडलेला पोरगा उठला का

लग्न होऊन मी गावाहून निघाले त्या सकाळी एसटीच्या ड्रायव्हरने गाडी चालू करून पुन्हा बंद केली, कारण आमच्या रडण्यात त्याला स्वतःचा हॉर्न ऐकू येईना. खोटं वाटत असेल तर देवगड बाजूला जाऊन विचारा. अर्धं गाव रडत होतं आणि उरलेलं अर्धं त्यांना गप्प करता करता रडत होतं. माझी आवस तेवढी कोरडी. आवस म्हणजे आई, आमच्याकडचा शब्द. तिने खिडकीतून माझ्या मुठीत लिंबू कोंबलं आणि म्हणाली, "फुडे बघ गो बाय. मागे बघलंस तर गाडी लागतली."

बाबा आधीच गेलेले, मला भाऊ ना बहीण. मागे बघावं असं तिथं एकच माणूस, आणि तेच मला मागे बघू नको म्हणत होतं. मी बघितलं. मग देवगड ते मुलुंड या वाटेवर असा एक तालुका राहिला नाही जिथं मी उलटी केली नाही.

मुलुंडला आमच्या दीड खोलीत एक खोली माणसांची आणि एक खोली टीव्हीची. हिशेब बसत नाही ते मला कळतं, पण खोलीतही कधी बसला नाही. लाकडी दारांचा तो काळापांढरा टीव्ही सासूबाईंचा जीव की प्राण. गावाला आमच्या घरी वीज आली नव्हती, त्यामुळे त्या पेटीपुढे मी आधी हातच जोडले. सासूबाई म्हणाल्या, "देव नाय तो. हॉकी आहे. बस."

सासूबाई लालबागला वाढलेल्या, भायखळ्यापलीकडे हॉकी बघायला भावांच्या मागे पळत गेलेल्या. आपली टीम पुढे सरकली की त्यांची आरोळी अशी निघायची की तिकडे माहुलला रिफायनरीच्या धुरांड्यावरची ज्योत लवायची. माझी मात्र वाट लागली. त्या पडद्यावर हॉकीचा बॉल मोहरीएवढा. डावीकडे शोधावा तर उजवीकडे, उजवीकडे मान वळवावी तर चाळीतल्या बाया ओरडून मोकळ्या. वर गच्चीवर आमचे हे अँटेना फिरवत "आलं का?" विचारायचे, तेवढ्यात सगळी माणसं पडद्यावर तिरकी पळू लागायची. मला घाटातल्यासारखं मळमळायचं. लग्नानंतर सूनबाईला मळमळतंय हे बघून शेजारणी गालात हसायच्या, आणि त्यांना खरं कारण सांगायची मला लाज वाटायची.

शेवटी सासूबाईंनीच ओळखलं. "अगं बये, बॉलच्या मागे काय धावतेस? तो जिथं जाणार तिथं आधी जाऊन बस ना."

म्हणजे फुडे बघ. माझ्या आवशीचंच वाक्य, पण घाटातलं उचलून मैदानात टाकलेलं. मी तसं करून बघितलं. मोकळ्या पडलेल्या कोपऱ्यावर नजर ठेवायची आणि थांबायचं, की बॉल आपल्या पायांनी चालत तिथं यायचा. मळमळ थांबली. मग अशी चटक लागली की विचारू नका. हॉकी, फुटबॉल, टेनिस, जे जे म्हणून जोरात पळतं ते मला हवं. डाळीला फोडणी टाकता टाकता मी कॉर्नर ओळखायला लागले. आख्खी चाळ म्हणायची, हिची जागा लकी आहे, मॅच संपेपर्यंत हिला उठू द्यायचं नाही. एकदा तर आमच्याकडचं पाणी गेलं, दूध उतू गेलं आणि पाहुणेही येऊन गेले, तरी मी तिथंच.

पण एक सांगते, आणि यात मीठमसाला नाही. गोल झाला की मी उडी मारायची. वर जाईपर्यंत मजा. पाय जमिनीला टेकले की आवस आठवायची. आत्ता तिकडे ती काय करत असेल? चुलीपुढे एकटी, आवाज करायला कोंबड्यांशिवाय कोणी नाही. आणि मी इथं घसा फोडून आनंदी. ओरडायला मी गावाबाहेर पडल्यावर शिकले होते, आणि ते तिला ऐकू जाणार नाही इतक्या लांब शिकले होते.

म्हणून मी ठरवलं, तिला इथंच आणायचं. कायमचं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आण गं, मॅचला एक माणूस वाढेल." दिवाळीला मी तिला घेऊन आले. तिने कोकमं आणली, कुळीथपीठ आणलं, आणि एक फणसपोळी एवढी मोठी की तिची घडी उलगडायला गॅलरीत जावं लागलं. मला वाटलं, जी चटक मला लागली ती हिला लागली की झालं. मग गाव आपोआप सुटेल.

रविवारी दुपारी आपल्या टीमची मॅच होती. मी तिला माझी लकी जागा दिली. चाळीत कुजबुज झाली, पण सासूबाईंनी डोळे वटारले. मी तिच्या कानाशी बसून शिकवत होते, "आई, बॉल बघू नको, मोकळी जागा बघ."

ती बघत होती. लुगड्याचा पदर हनुवटीखाली धरून, कीर्तनाला बसावं तशी. आपला एक पोरगा बॉल घेऊन सुटला, समोरच्याने स्टिक घातली, पोरगा कोलमडला. पण बॉल आपल्याच दुसऱ्या पोराला मिळाला, आणि मग काय, खोली उठली. गोल. सासूबाईंची आरोळी, डबे खाली, शेजारचा म्हातारा माझ्या नवऱ्याच्या गळ्यात. मीही उठले. उठताना आधाराला काहीतरी लागतं म्हणून एका खांद्यावर जोर दिला आणि उडी मारली.

तो खांदा आवशीचा होता. ती कलंडलेली, तरी मान पडद्याकडेच. "तो झील पडलो मगाशी, तो उठलो काय गो?"

"कुठला? आई, गोल झाला."

"गोलाचां माका सांगू नको. तेका कोणी उचललां काय?"

सासूबाई हसून म्हणाल्या, "विहीणबाई, ते तिकडे दिल्लीत आहे. इथून कोण उचलणार?"

"माका कळता तां चित्र आसा," आवस म्हणाली. "चित्रातलो म्हणान तेका लागत नाय काय?"

मी पडद्याकडे बघितलं. कॅमेरा बॉलच्या मागे कधीच निघून गेला होता. पडलेला पोरगा त्या चौकटीत कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. मी तिचा हात धरला, मुंबईत गंजलेली माझी मालवणी बाहेर आली, "आई, माझ्यावांगडा रव." वांगडा म्हणजे सोबत, रव म्हणजे राहा. ती म्हणाली, "तुझां बरां चल्लांहा. घर बंद रवलां तर वाळवी खातली." रागावली असती तर मी भांडले असते. ती रागावलीच नव्हती.

ठाण्याच्या स्टँडवर मी तिला गाडीत बसवलं, खिडकीतून मुठीत लिंबू दिलं आणि म्हटलं, "पुढे बघ, नाहीतर गाडी लागेल." गाडी वळेपर्यंत तिचं डोकं खिडकीबाहेर होतं, तोंड माझ्याकडे. कशेडी घाटात तिची काय दशा झाली असेल ते तिने कधी सांगितलं नाही.

गाडी सुटायच्या आधी मात्र तिने पुन्हा विचारलं होतं, "तो उठलो मां गो?" मी म्हणाले, "उठला ना. शेवटचा गोल त्यानेच मारला." ती इतकी खुलली की मला थांबता येईना.

आता आमच्याकडे रंगीत टीव्ही आहे. दर मे महिन्यात मी गावी जाते आणि आवस त्या पोराची खबर विचारते. मीही कमी करत नाही. त्याला बँकेत नोकरी लावली. मालाडला ब्लॉक घेऊन दिला. सुंदर बायको करून दिली, पहिला मुलगा, नंतर मुलगी. गुडघा अधूनमधून दुखतो, तेवढं राहू दिलं, नाहीतर तिला पटलं नसतं. इकडे मुलुंडला मात्र कोणी पडलं की मी बॉल सोडून तिथंच बघत राहते, आणि गोल माझे हुकतात. सासूबाई म्हणतात, "हिला काय झालंय, चांगली तयार झाली होती."

यंदा मी तिला सांगत होते, पोराने आता स्कूटर घेतली. ओसरीवर ती कुळीथ पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "बरां झालां. आणि तेची आवस? ती तेच्यावांगडा रवता मां?"

तुम्ही मला ओळखता. थाप मला कधी शोधावी लागली नाही, ती माझ्या आधी तोंडाशी येऊन बसायची. त्या दिवशी काही आलं नाही. गाडी लागू नये म्हणून बघावं तसं सवयीने मी पुढे बघितलं. पुढे तीच बसली होती, सूप मांडीवर घेऊन, उत्तराची वाट बघत.