सिद्धाप्पावरचा ठपका

सोलापूरच्या भवानी पेठेत त्रिंबकआबांना घोड्याचं काही विचारायचं नाही. विचारलंत तर गेली तुमची दुपार! पुण्याच्या रेसकोर्सवर तीस वर्षं सईस म्हणून घोड्यांची चाकरी केलेला माणूस. शेजारचा यंत्रमागवाला मोबाईल पुढं करून म्हणतो, "आबा, आज कुठल्या घोड्यावर लावू?" आबा आधी विचारतात, "राती तितं पाऊस किती झाला?" त्याला काय ठाऊक! मग आबा भडकतात. "आरं, जमीन बघितल्याबिगर पैसं लावतुस? बाजारात वांगं तरी दाबून बघतुस की!"

खोटं नव्हतं ते. पावसाळी सकाळी हिरवळीत टाच रुतवून आबा सांगायचे, आज जमीन लई जड हाय. कडक जमिनीवर उडणारे घोडे अशा चिखलात ढेपाळायचे, आणि शिलवरचा दिवस उजाडायचा. शिलवर म्हणजे करडी घोडी. कागदावरचं तिचं लांबलचक इंग्रजी नाव आबांच्या जिभेला कधी वळलं नाही. चिखल दिसला की ही बया वाऱ्यावर स्वार! जाणकार लोक आभाळ बघूनच तिच्यावर पैसे लावत.

तिचा सईस मैंदर्गीचा सिद्धाप्पा, आबांचा जिवाभावाचा मैतर. दोघांची खोली एक, चूल एक. सकाळी तबेल्यात चहा आला की आबा शिळी भाकरी त्यात बुडवून खायचे आणि शेजारच्या ठाणावरून शिलवर मान लांब करायची. मग एक घास स्वतःला, एक तिला. शर्यतीच्या दिवशी दाणावैरणीशिवाय काही द्यायचं नाही असा नियम होता. पण चहा म्हणजे काय औषध हाय? आबांची बायको भीमाबाई अजून टोमणा मारते, "मला कवा असं भरवलं न्हाईसा." काय दिवस होते ते! ओल्या गवताचा तो वास आबांना सोलापूरच्या उन्हात आठवतो आणि जीव कासावीस होतो.

अशाच एका पावसाळ्यात शिलवरनं मोठी शर्यत मारली. जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासायला घेतात, तशी घेतली. सिद्धाप्पानं शीळ घातली, घोडीनं धार सोडली, बाटलीला सील लागलं. पैसे लावणारे त्याच दिवशी खिसे भरून घरी गेले. पंधरा दिवसांनी निकाल आला: घोडीच्या अंगात उत्तेजक! बक्षीस गेलं आणि ट्रेनरनं सिद्धाप्पाला हाकललं. 'कॅफिन' असा काहीतरी शब्द फिरत होता. सईसांनी त्याचा अर्थ एकच लावला, सिद्धाप्पानं कुणाचं तरी ऐकून सुई टोचली. पुढं चिखल असला तरी शिलवरवर कुणी पैसा लावेना. मागं पळाली ती औषधानं, म्हणायचे. सिद्धाप्पा निघताना आबांचा हात धरायला आला, तर आबांनीही पाठ फिरवली.

त्याला बावीस वर्षं झाली. परवा आबा हीच गोष्ट नातीला, मनालीला, सांगत होते. ती एका प्रयोगशाळेत कामाला आहे. ती मध्येच म्हणाली, "आबा, कॅफिन? ते तर चहात असतं की!"

आबांनी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग भिंतीकडं तोंड करून बसले.

"त्या दिवशी सकाळी बी तिला चहातली भाकरी दिलीवती," ते भीमाबाईला म्हणाले. "शर्यत हाय म्हून दोन घास जास्तच."

"मग हितं बसून काय करताय? जावा की मैंदर्गीला."

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला गाडी बदलून आबा मैंदर्गीला पोचले. सिद्धाप्पा अंगणात बाजेवर बसला होता. पार वाळलेला. आबांनी टेकायच्या आधीच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आता हा मारेल तर मारू दे, असं त्यांना वाटत होतं.

सिद्धाप्पानं ऐकून घेतलं. "मला काय सांगतुस? मी सुई टोचली न्हाय ते मला ठावंच हाय. हिला सांग." गोठ्यात म्हशीपुढं कडबा टाकणाऱ्या बायकोकडं, गंगम्माकडं, त्यानं बोट दाखवलं. "मुक्या जनावराला औषध घातलंस म्हनून हिनं मला दावणीला हात लावू दिला न्हाय. बावीस वर्सं!"

गंगम्माला मराठी बेताचंच. आबा म्हणाले, "तूच सांग की रं कन्नडमधी."

"न्हाय. माज्या तोंडून तिनं लई येळा ऐकलंय."

तबेल्यात कानावर पडलेलं मोडकंतोडकं कन्नड आबांना येत होतं. ते गोठ्याच्या दाराशी गेले आणि हात जोडले. "नाने कोट्टे," म्हणाले. मीच दिलं. "चहा. अवंदु तप्पिल्ल." त्याची चूक नाही. पुन्हा एकदा तेच म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

गंगम्मानं आबांकडं बघितलंसुद्धा नाही. कडब्याची एक पेंढी उचलून ती अंगणात आली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवून घरात निघून गेली.

सिद्धाप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि गोठ्यात गेला. म्हशीला त्याच्या हाताची ओळखच नव्हती. तिनं मान मागं घेतली. तो पेंढी पुढं धरून तसाच उभा राहिला.