खंडेनवमीला थांबलेला प्रोग्राम

चाकणच्या त्या कारखान्यात गिअर कडक करायची भट्टी आहे. ती दर थोड्या वेळाने आपलं तापमान एका फायलीत लिहून कॉम्प्युटरवर टाकते आणि फायली येतील तशा आमचा प्रोग्राम त्या वाचतो. तो मी लिहिलाय. तापमानाच्या नोंदीत खंड पडला तर गिऱ्हाईक अख्खा माल परत पाठवतं.

खंडेनवमीला सकाळी प्रोग्राम बंद पडला. फोरमनकाकांनी स्क्रीनचा फोटो पाठवला आणि मी दिघीहून निघाले. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॅबमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, तिथेच दोष सापडला. आदल्या दिवशी नवीन आवृत्ती टाकताना आमच्या टीममधल्या कोणीतरी जुनी तशीच ठेवली होती. एकाच नावाचे दोन क्लास, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे, समोर असले की प्रोग्राम आधी दिसेल तो उचलतो. त्याने जुना उचलला, आणि जुन्याला फायलीत त्या सकाळपासून आलेला नवा रकाना कळेना. जुनी आवृत्ती काढायची, प्रोग्राम पुन्हा चालू करायचा, बस.

पोचले तर कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू.

"मॅडम, पूजा झाली," काका म्हणाले. "आता उद्या सकाळपातूर हात लावायचा न्हाई."

"आणि भट्टी? ती तर चालू आहे!"

"भट्टीला माफी हाय. थंड झाली तर तडकंल ती."

आमच्या घरी पूजाअर्चा नाही, त्यामुळे माझं डोकं आधी फिरलंच. भट्टीत माल होता, चालू कॉम्प्युटरवर फायली येत होत्या आणि वाचायला कोणी नव्हतं. कारखान्याच्या साहेबांना फोन करून काकांना गप्प बसवणं अवघड नव्हतं. पण मग मलाच वाटलं, एवढी घाबरतेस कशाला? लिहिताना काय झोपेत होतीस?

कारण प्रोग्राम बंद पडला तर फायलींचं काय, यावरूनच मी ऑफिसात भांडले होते. "दोन-दोन फोल्डरचा संसार कशाला मांडतेस?" म्हणून सिनियर हसले होते. त्यांच्या मते प्रोग्रामने चालू झाल्यावर येणाऱ्याच फायली वाचाव्यात. मी ऐकलं नाही. अर्धवट लिहिलेल्या फायलीला वेगळं नाव, ती पूर्ण झाली की खरं नाव. वाचून झालेली दुसऱ्या फोल्डरमध्ये जाते, न वाचलेली जागची हलत नाही. आणि वाचायला सुरुवात नेहमी सगळ्यात जुन्यापासून.

"बरं काका, उद्या," म्हटलं आणि त्यांनी दिलेला पेढा खाऊन घरी आले. खोटं कशाला बोलू, जेवण काही गोड लागलं नाही.

दसऱ्याला सकाळी काकांनी स्वतः हार उतरवला. मी जुनी आवृत्ती काढली, प्रोग्राम चालू केला. साठलेल्या फायली एकेक करून सरकू लागल्या आणि स्क्रीनवर तापमानाची रेघ कालच्या सकाळपासून पुढे निघाली. कुठेही न तुटता ती आत्ताच्या वेळेला येऊन भिडली. माल वाचला होता.

मागे उभे असलेले कारखान्याचे साहेब म्हणाले, "नशीब बलवत्तर म्हणायचं."

"नशीब कसलं, साहेब," मी म्हणाले. "मी तसं लिहिलंय."