खराडीपलीकडचा एमडीएफ कारखाना आणि आमच्या मोरीतला बंब

आईला चार पायऱ्या चढूनही दम लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरी चूल आहे का? गॅस आहे, असं आम्ही ठसक्यात सांगितलं. मग संशय बाबांवर गेला. ते ऑफिसांसाठी एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं फर्निचर करतात, आणि त्या बोर्डाचा पिठासारखा भुसा कपड्यांतून घरी येतो. बाबा वर्कशॉपमध्येच कपडे बदलू लागले, तरी आईचा दम काही कमी होईना. म्हणूनच, बोर्डाच्या व्यापाऱ्याने सुतारांसाठी कारखान्याची भेट ठरवली तेव्हा बाबांबरोबर मीही निघाले. घरात पदवी घेतलेली मी पहिली. नीट समजून घेतलं तर उपाय सापडेल, असं मला मनापासून वाटत होतं.

नारायण पेठेतून लवकर निघा. नंतर नगर रस्त्यावर बस सरकत नाही. खराडीच्या काचेच्या इमारती दिसल्यावर बाबा म्हणाले, "त्या मजल्यावरची सगळी टेबलं माझी." वाघोलीच्या पुढे मिसळ बरी मिळते. पाणी मात्र घरचं न्या.

कारखान्याच्या आवारात निलगिरीचे ओंडके रचलेले. साल काढून त्यांच्या चिपा करतात, त्या वाफेवर शिजवून दळतात. कापसासारखे तंतू निघतात. त्यांवर रासायनिक डिंक फवारून, वाळवून गादीसारखा थर पसरतात, आणि गरम प्रेसमधून ती जाड गादी बोटभर फळी होऊन बाहेर येते. तिथे डोळे चुरचुरतात. एकाने फोटोसाठी मास्क खाली केला, तर शिफ्ट सांभाळणाऱ्या जाधवबाई म्हणाल्या, "चेहरा दाखवायचा असेल तर गेटबाहेर दाखवा."

बाईंनी सांगितलं ते सुतारांनी ऐकण्यासारखं आहे. कापताना भुसा ओढणारं यंत्र हवं, रुमाल नको, घट्ट मास्क हवा. हवेच्या पाइपने भुसा उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कापलेल्या कडा पट्टी लावून बंद करा. आणि तुकडे जाळू नका, डिंकाचा धूर विषारी असतो.

"मग तुमच्या बॉयलरमध्ये काय जळतं?" बाबांनी विचारलं.

"आमचाच भुसा. पण भट्टी बघा, धुराची गाळणी बघा, ती चिमणी बघा. तुमच्याकडे आहे का एवढी?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत, आणि त्यांच्याकडे बघून मलाही कळलं. उरलेले तुकडे पोत्यात भरून घरी नेणं हा सुताराचा हक्कच समजतात. आमच्या अंघोळीचा बंब कित्येक वर्षं त्या तुकड्यांवरच तापतोय. आई पहाटे खिडकी नसलेल्या मोरीत फुंकणी घेऊन त्याच्यापुढे बसते.



घरी परतलो तर आईने बंब पेटवलेला. "भुशातून आलात, आधी अंघोळी करा. पाणी कढत आहे."

बाबांनी बादलीभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं. धूर उसळला, तिघंही खोकलो. "अहो, काय झालं?" आई विचारत राहिली. मग मी सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे रोज मीच पेटवत होते?"

"मी आणत होतो," बाबा म्हणाले.

कारखाना जरूर बघा, आणि तुमच्याकडेही अशी पोती येत असतील तर आजच थांबवा. आमच्याकडे आता पाणी गॅसवर तापतं. गेलेला श्वास परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई अजून पहाटे उठते, सवयीने मोरीत जाते, आणि गार बंबाला टेकून दम घेत बसते.